वन्संना ‘छान’ चालत नसे

रविवार, १८ मे. बांगडे साफ करून हळद-मीठ लावून ठेवले आहेत. एरवी या दिवशी वन्सं ओट्याशी उभ्या राहून म्हणत, “चिरा खोल मार गो, वरवर नको.” वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्यासमोर वाईनला ‘छान’ म्हटलेलं खपत नसे. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “छान साबणपण आसता. काय आठावला ता सांग.”

लग्न होऊन त्या नाशिकजवळच्या द्राक्षबागेत गेल्या, पण मालवणी काही सुटली नाही. बाग लहान, घरच्याच माणसांनी सांभाळलेली. मागच्या शेडमध्ये स्टीलच्या तीन टाक्या. दरवर्षी मेमध्ये, मासेमारी बंद होण्याआधी, नव्या लाल वाईनच्या दोन बाटल्या घेऊन त्या बोरिवलीला आमच्याकडे येत. ताज्या बांगड्याबरोबर ती कशी लागते, एवढंच पाहायचं असे. बाटली आधी फ्रीजमध्ये जाई. लाल वाईन गार करत नाहीत असं मी कुठेतरी वाचलं होतं, तसं बोलले. “मे महिन्यात बोरिवलीत गार नाय करूची, तर काय कढवूची?”

चव त्या कोणालाही विचारत. एकदा बाजारात आमच्या कोळणीलाच बाटलीच्या बुचातून घोटभर दिली. ती तोंड पुसत म्हणाली, “कोकमाचं आगळ, पन मीठ नाय.” वन्सं इतक्या खूश झाल्या की तिथेच पाटीला टेकून वहीत लिहून घेतलं. चवींची ती वही एरवी आमच्याकडेच असे. जांभळाने काळी झालेली जीभ, उन्हात तापलेली विटांची भिंत, काळी मिरी, असं काय काय त्यात आहे.

दुकानदार लाकडाच्या पिंपातली वाईन मागतात, असं त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला. “लाकूड चाटूचा आसात तर दाराक जीभ लाव,” वन्सं म्हणाल्या. द्राक्षाचा दोष असेल तर तो दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या दिवाळीनंतर वन्सं गेल्या. यंदाचं पीक त्यांच्या मुलाने, पंकजने, एकट्याने काढलं. त्याने दोन बाटल्या पाठवल्या. एक नेहमीसारखी थेट टाकीतली, दुसरी महिनाभर लाकडाच्या तुकड्यांवर ठेवलेली. “मामी, तुम्ही सांगाल तसं करतो,” म्हणाला. म्हणजे वन्संची वाईन पुढे राहणार की नाही, ते माझ्या जिभेवर.

दुपारी बांगडे तळले. लाकडाची मऊ लागली, व्हॅनिलासारखा वास. नवऱ्याने दुसऱ्यांदा ओतून घेतली. टाकीतली दातांना लागली, कच्च्या करवंदासारखी. मी वही पहिल्यापासून उलटली. ‘कच्चं’ असं कुठल्याच वर्षी नव्हतं.

“ताईची वाईन आहे ना,” नवरा म्हणाला. “पंकजशी जरा सांभाळून बोल.”

“सांभाळून बोलले तर तो ठरवणार कशावरून?”

सोमवारी सकाळी सातला फोन लावला. लाकडाची चांगली झाली, टाकीतली आंबट आहे, असं सरळ सांगितलं.

पंकज म्हणाला, “म्हणजे सगळीच लाकडात घालू?”

“द्राक्षं कधी तोडलीस?”

“दहा दिवस आधी. शेजारच्या बागेत मजूर आले होते, तेच वळवले. आई थांबली असती.”

“मग लाकूड घालून यंदाची सावरशील. पुढच्या वर्षी काय?”

“मला कळत नाही हो मामी, कधी थांबायचं. तेवढं आईच सांगायची.”

मलाही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत ती बाग मी पाहिलेलीसुद्धा नाही. वन्संच इकडे येत.

“यंदाची घाल लाकडात,” मी म्हटलं. “पुढच्या तोडणीला मी येते. दोघं रोज द्राक्षं चाखू, आणि वाटेल ते तोंडावर बोलू. तोवर मजूर बोलवायचे नाहीत.”

“चालेल. पण नक्की या हं.”

पवईला ऑफिसात पोचल्यावर आधी फेब्रुवारीतल्या तोडणीसाठी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“मॅडम, अजून मे चाललाय.”

“माहीत आहे,” म्हटलं, आणि सही होईपर्यंत तिथेच उभी राहिले.