चुकीचा मणी

बर्निससारखा हात कॅनडातल्या आमच्या विनिपेगच्या मेटी, म्हणजे आदिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाच्या, लोकांत दुसऱ्या कुणाचा नाही. चुलतबहीण म्हणून सांगत नाही. माझं तिचं फारसं पटतही नाही. कातड्यावर ती मण्यांचे रानगुलाब फुलवते, तेव्हा बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. पण बाई तोंडाची तिखट आणि मनातून जळकी. जळायची ती एकाच माणसावर, मावसबहीण लोरेटावर.

लोरेटाची फुलं वाकडी. पण नद्यांच्या संगमावर ती पर्यटकांना हिंडवायची, बॅनकची रोटी खिलवायची, पणजोबांच्या गव्यांच्या शिकारीच्या गप्पा हाणायची. लोक तिच्यावर फिदा.

"दोन टाके धड येत नाहीत, आणि फोटो मात्र हिच्याबरोबर!" बर्निस फणकारायची.

"तूही हसून बघ की एकदा."

"मी काय दात दाखवायला बसलेय?"

या उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी मणीकामाचा वर्ग निघायचा होता. शिकवणार कोण, हे आमच्यातली सगळ्यांत जुनी मणीकाम करणारी ऑगस्टीनमावशी ठरवणार होती. दोघींनी एकेक नमुना द्यायचा होता. ही संधी गेली तर जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटेच सोलायचे, हे बर्निसला दिसत होतं. तिनं जिवाचं रान केलं.

मावशीनं तिचा नमुना मांडीवर घेतला आणि फुलांवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

"बर्निस, चुकीचा मणी कुठंय गं?"

आमच्यात प्रत्येक नक्षीत एक मणी मुद्दाम भलत्या रंगाचा ओवतात. बिनचूक फक्त देव. माणसानं तेवढा माज करू नये. लहानपणापासून बर्निसनं तो मणी कधी सोडला नव्हता.

"नाही घातला," ती म्हणाली. "हिच्या कामाशेजारी माझा एकही मणी चुकलेला दिसायला नको होता मला."

"मग पाहुण्यांना काय शिकवशील, बाळ?" मावशीनं नमुना परत दिला.

लोरेटाच्या नमुन्यात चुकीचा मणी होता. खरं सांगायचं तर बरेच होते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी बर्निस मला ओढून घेऊन गेली आणि मागच्या बाकावर बसली, लोरेटाच्या चुका काढायला. लोरेटानं स्वतःचं काम बाहेर काढलंच नाही. बर्निसनं तिला कधीकाळी दिलेला बटवा सगळ्यांपुढे धरला.

"हे माझ्या बहिणीचं काम. ती बघा, मागं बसलीय. मला जन्मात असं जमायचं नाही."

सगळे वळले. टाळ्या पडल्या. बर्निसचा चेहरा उतरला.

बाहेर पडल्यावर तिनं डोळे पुसले.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मोठं मन, तेसुद्धा मेलं हिच्याच वाट्याला आलं."