ग्राफिक्स कार्डाचा सौदा

सौद्यात मला एकच डाव येतो, पण तो पक्का येतो. भाव सांगायचा, समोरचा नाही म्हणाला की उठून चालू लागायचं. मागे वळायचं नाही. दारापर्यंत हाक येतेच. शिरूरमधलं माझं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान याच डावावर उभं राहिलं.

डाव एकदा फसला. थोरल्या भावाबरोबर भागीत होतो, तेव्हा भांडणात उठलो आणि कोपऱ्यापर्यंत मुद्दाम हळू चालत गेलो. त्याने हाक मारली नाही. ते मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

बारावी झाल्यावर लेकीने गेमिंग कॉम्प्युटर मागितला. बजेट मी ठरवलं, पार्ट तिने. दौंडच्या दुकानात मला रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आवडलं.

"पप्पा, दिव्यांनी गेम पळत न्हाई," ती म्हणाली. "साधा डबा घ्या, पण पॉवर सप्लाय चांगला. तुम्हीच म्हणता ना, मोटार भारी आन् स्टार्टर फुसका, असं करू नये."

रॅम आणि मदरबोर्डाच्या भावावरून मी दुकानदाराशी एवढा भांडलो की त्याने माउस फुकट दिला, वर हात जोडले. "आप्पा, पुढच्या वेळी दुसरं दुकान बघा."

राहिलं ग्राफिक्स कार्ड. त्याच्याशिवाय गेम चालणार नव्हते, आणि नवं बजेटमध्ये बसत नव्हतं. रांजणगावात कंपनीतला एक परप्रांतीय इंजिनिअर बदली झाली म्हणून स्वतःचं विकत होता. त्याच्या खोलीवर गेलो. त्याने कार्ड चालवून दाखवलं. मी कान लावून पंखा ऐकला, लेकीने पडद्यावर तापमान बघितलं. माल चोख होता. त्याने कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिचा चेहरा असा फुलला की त्यालाही ते कळलं, आणि तिथेच माझी बाजू पडली.

तरी मी माझा भाव सांगितला.

"नहीं होगा, अंकल."

"चल गं. असली छप्पन मिळतात." मी उठलो.

जिना उतरलो. हाक नाही. गाडीचा आरसा उगाच पुसला. हाक नाही. मग लक्षात आलं, लेकही मागे आलेली नाही. डोकं सणकलं. तिला ओढून आणायला तावातावाने वर चढलो, तर उघड्या दारातून तिचा आवाज आला.

"भैया, दूसरे को फोन मत करो ना. पप्पा वापस आते हैं."

"वो तो गुस्से में गए."

"गुस्से में ही जाते हैं. आएँगे."

मी जिन्यातच थांबलो. मी उठून गेल्यावर माझी वाट बघत कुणी बसल्याचं मला आठवत नव्हतं.

आत गेलो. कार्ड तिच्या मांडीवर होतं, ओढणीत गुंडाळलेलं. त्याचाच भाव दिला. खोका तेवढा मागून घेतला.

गाडीवर मागून ती म्हणाली, "पप्पा, लय महाग पडलं का?"

"गप बस," मी म्हणालो. "खोका नीट धर."

आणि घरापर्यंत प्रत्येक खड्डा चुकवत गाडी हळू चालवली.