आपाने तो प्लग कधीच काढू दिला नाही

नसीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजातच होतो. फोनवरचा माणूस हळहळून म्हणाला, "चांगली व्हती, पर लय हट्टी बाई." मी फोन ठेवून दिला. होतीच हट्टी... त्यात हळहळण्यासारखं काय आहे, हे महिना उलटला तरी मला कळलेलं नाही.

फौजेतून निवृत्त होऊन मी माधवनगरला तिच्या गॅरेजात लागलो. नवऱ्यामागे ते तिने एकटीने चालवलं होतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सांगतो आणि त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. गाडी धक्के देऊ लागली की आमच्या भागातले मेकॅनिक सर्रास त्या सेन्सरचा प्लगच उपटतात. मग कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओततो, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. आपा मात्र लॅपटॉप लावून, कॉम्प्युटरने किती आणि किती लवकर सुधारायचं, ते जुळवत तासन्‌तास बसायची. "आवं संपतभाऊ, जे खरं सांगतंय त्याचंच त्वांड बांधायचं व्हय?"

ती चुकलीसुद्धा. रहिमतपूरच्या एका सुभेदारांच्या गाडीत सेन्सर पेट्रोल कमी पडतंय म्हणत होता, म्हणून आपा पेट्रोलचे आकडे वाढवत गेली. आठवड्यात गाडी काळा धूर ओकत परत आली. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, नळीच्या सांध्याला बारीक चीर होती. तिथून बाहेरची हवा आत शिरायची आणि सेन्सर तीच मोजायचा. मी हळूच म्हणालो, "आपा, सेन्सर खराब निघाला म्हणून सांगू. कुणाला कळतंय?" असली तापली माझ्यावर! सुभेदारांसमोर उभी राहून म्हणाली, "सेन्सर चांगला हाय. चीर मला दिसली न्हाई. चूक माझी." मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

परवा विट्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. "प्लग काढा आन् मोकळं करा. आता नको म्हणायला आपा कुठं हाय?" माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकाला बाकावर बसवून ठेवायची आपाची पद्धत नव्हती. ती त्याला स्टिअरिंगमागे बसवायची, रेस धरायला लावायची आणि लॅपटॉपवरची सेन्सरची रेघ त्याच्याच डोळ्यांनी बघायला लावायची. मीही तेच केलं. वर-खाली व्हायला हवी ती रेघ तळाला चिकटून बसली होती, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं सेन्सर सारखं सांगत होता.

"मग हिला झालंय काय?" त्यांनी विचारलं.

"अजून ठावं न्हाई. शोधाय लागंल. दोन दिवस गाडी ठेवा, न्हाईतर घिऊन जावा."

ते घेऊन गेले. मी अडवलं नाही. आपाची फार आठवण आली... पण रडायला नाही, भांडायला. आज ना उद्या कुणीतरी त्यांच्या गाडीचा प्लग उपटून देईल. माझ्या हातून तो निघाला नाही आणि निघणारही नाही.