ओढ्यापलीकडची लेकरं

या सदरातले अनुभव मी आवर्जून वाचते आणि वाचता वाचता प्रत्येकाचं कारण शोधत बसते. लिहिणाऱ्यांनी मला क्षमा करावी. मानवतला कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. गूढ मला कवितेत आवडतं. कवितेबाहेर ते मला कधी पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही... तरी जे घडलं ते घडलं तसं लिहिते आहे.

माझं सासर सोनपेठ तालुक्यातलं. गावापासून कोसभर अंतरावर आमचं काळं रान, रानाच्या शेवटाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे पडीक जमीन. लग्नानंतर दीड वर्षानं मला मुलगा झाला होता. नऊ दिवसांचा होऊन तो गेला. हे आणि सासरे त्याला धडप्यात गुंडाळून रानाकडे घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. कुठे ठेवलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. घरापुरता तो विषय त्या दिवशी संपला. माझ्या अंगावरचं दूध मात्र पुढे पंधरा दिवस येत राहिलं. पुढे दोन वर्षांनी जाई झाली. तिच्यासमोर आम्ही त्याचा उल्लेखही कधी केला नाही.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या येळवशीची, जाई चार वर्षांची असतानाची. येळवस म्हणजे आमच्याकडचा रानात जेवायचा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांची पूजा मांडायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी हाक आली की कुणाच्याही रानात जेवायला बसावं, नाही म्हणू नये. लेकरं तर एका कोपीतून दुसऱ्या कोपीत जेवतच हिंडतात. हवेत भज्जीचा, म्हणजे तुरीचे कोवळे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवल्याचा वास होता. मडक्यातली आंबील घशातून गार उतरत होती. पोटऱ्यात आलेली ज्वारी वाऱ्यावर सळसळत होती.

दोनच्या सुमारास जाई दिसेना.

"मामी, जाई कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं.

"आसंल की कोणाच्या तरी कोपीत. येळवशीला लेकरू उपाशी ऱ्हातंय व्हय? तू जेव आदी. मास्तरीणबाईंचं तोंड बघा कसं सुकलंय!"

सगळे हसले. मीही हसले आणि जेवायला बसले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी उठून शोधलं असतं.

चार वाजता आम्ही भांडी आवरत होतो. शेजारच्या रानातल्या चुलतसासूबाई बांधावरून आल्या. "का गं, लेकीला आमच्याकडं धाडलंच न्हाई की! सकाळधरनं वाट बघायलोत आमी."

मग या रानातून त्या रानात धावाधाव झाली. आसपासच्या चारही कोपींत एकच उत्तर: आम्हाला वाटलं, ती तिकडं जेवायलीय.

हाका मारत, ओरडत मी ओढ्यापर्यंत पोहोचले. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल एवढं पाणी अजून वाहत होतं, आणि दोन्ही काठांना पाय रुतेल असा काळा चिखल. पलीकडे पळसाखाली जाई पाय पसरून बसली होती. स्वतःशीच गुणगुणत होती.

हे माझ्यामागून धावत आले आणि काठावर थबकले. पाण्याला ते भिणारे नाहीत. त्यांची नजर जाईवरही नव्हती, ती पळसाच्या बुंध्याशी खिळली होती. ती जागा कुठली, हे मला त्या क्षणी न विचारता कळलं.

मी पाण्यात शिरले. पलीकडे पोहोचेपर्यंत साडी मांड्यांपर्यंत चिंब झाली होती. जाईला उचललं, तर तिचा फ्रॉक कोरडा. तळव्यांना नुसता फुफाटा. चिखलाचा कण नाही.

"कशी आलीस इकडे?"

"दादानं उचललं."

"कोणता दादा?"

"हितंच ऱ्हातो. लय लेकरं हायेत हितं, आई. आमी जेवलो, खेळलो. तू वरडत आलीस ना, मग गेले सगळे." ती जरा रुसली होती. मग काही आठवून तिचा चेहरा उजळला. "सगळ्यांनी नावं सांगितली. दादाला नावच न्हाई! मग मीच ठेवलं. त्याला लय आवडलं."

आमच्यात बारसं बाराव्या दिवशी करतात.

मी काय विचारायला हवं होतं, ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळेल. मी विचारलं, "त्यानं तुला काही केलं का गं? मारलं का?"

जाई माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. "दादा कशाला मारंल?" एवढं बोलून तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली.

अलीकडच्या काठावरून सासूबाई ओरडल्या, "आता एक शब्द इचारू नको तिला! आदी घरी चल." घरी त्यांनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तेव्हाही जाई गाढ झोपेत होती. तिला उठवून विचारावं, असं मनात दहादा आलं. मला भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगू? सकाळी दुधाचा कप हातात देऊन विचारलं, तर ती म्हणाली, "कोणता दादा?"

कारणं मी शोधली आहेत. कुणीतरी तिला पलीकडे नेऊन सोडलं असेल, म्हणून आसपासच्या सगळ्या रानांत विचारलं. कुणीच गेलं नव्हतं. बाळाविषयी कुणाचा तरी शब्द तिच्या कानावर पडला असेल, हे मी अजूनही नाकारत नाही. पण ते कोरडे तळवे मला कुठेच बसवता येत नाहीत. हे म्हणतात, "सोड आता." पण गेल्या येळवशीला हे एकटेच ओढा ओलांडून गेले आणि दिवस कलेपर्यंत पळसापाशी उभे होते.

जाई आता सात वर्षांची आहे. तिला काही म्हणजे काहीच आठवत नाही, आणि मीही विचारायचं थांबवलं आहे. जूनमध्ये नव्या वर्गाची पहिली हजेरी घेताना मात्र एखाद्या नावाशी माझी जीभ अडखळते. हेच असेल का? मुलं वाट बघत राहतात; मी पुढचं नाव घेते.

हे कसं घडलं, ते मला सांगता येत नाही. माझ्या मुलाला नाव आहे. बहिणीनं ठेवलेलं, त्याला आवडलेलं. सगळ्या जगात ते फक्त त्यालाच माहीत आहे.