घंटीमामाचे टोले

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या मेथडिस्ट चर्चच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात एक खोटं वाक्य आहे. ज्याच्याबद्दल ते लिहिलं, तो तेव्हा माझ्यासमोर बसला होता.

घंटीमामा. कमरेला चर्चची वीतभर किल्ली, पायात टायरच्या चपला. देवळीकडून येणारी एसटी स्टँडवर थांबली की पहिल्यांदा चर्चचा मनोरा दिसायचा आणि त्याखाली हमखास मामा. त्याची घंटा फक्त आमची नव्हती. कापसाच्या जिनिंगमधल्या बाया तिच्या आवाजावर जेवणाचे डबे सोडायच्या, बुद्धविहाराजवळचे मास्तर घड्याळ लावायचे. कुणी कौतुक केलं तर मामा म्हणायचा, "घंटी मारायची नसते गा, बोलवायची असते."

आमच्याकडे माणूस गेला की जितकी वर्षं तितके टोले. मामा ते डोळे मिटून द्यायचा. पेटी फाटकातून आत आली की पहिला टोला, आणि शेवटचा होईपर्यंत पाळकसाहेबही तोंड उघडत नसत. मध्ये खंड पडला तर मेलेल्याचं वर्ष चोरलं, असं मामा मानायचा.

आमच्या मंडळीतल्या नर्सबाई गेल्या तेव्हा त्या एक्याऐंशीच्या होत्या. त्याच सकाळी देवळीहून निरोप आला, मामाची मुलगी बाळंतपणात अडली होती. कमिटीने मामाला आधीच बजावलं होतं, पुन्हा न सांगता गैरहजर राहिलास तर किल्ली काढून घेऊ. मामा माझ्याकडे आला. मी तेव्हा सव्वीसचा, बेकार, चर्चमध्ये पडेल ते काम करणारा.

"बाबू, मले जाच लागते. तू वाजवजो. दोरी कच्ची हाये, तुटली तर वरतं दारामागं लाकडाची मोगरी हाये. लोखंड लावजो नको, बाप्पा. खालून कोण वाजवते ते दिसत नाई. आन् कोणाले सांगजो नको."

एकविसाव्या टोल्याला दोरी तुटली. मी वर धावलो. दारामागे पाहायचं सुचलंच नाही. खाली सगळं चर्च गप्प उभं होतं. खिशात मोटारसायकलचा पाना होता. तोच मारला. अठ्ठावन्नाव्या टोल्याला घंटेचा आवाज फाटला, पत्र्याच्या डब्यासारखा. मला कळलं. तरी खंड नको म्हणून उरलेले तेवीस टोले त्याच पान्याने दिले.

मामा संध्याकाळच्या एसटीने आला. नात झाली होती. मी किल्ली दिली, दोरी तुटल्याचं सांगितलं. पान्याचं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी कमिटी बसली. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. पहिला विषय घंटा, दुसरा चर्चच्या शाळेत कारकून म्हणून माझी नेमणूक. अध्यक्षांनी विचारलं, "हा लोखंडाचा घाव हाये. कोनं मारला?" पंखा कुरकुरत होता. मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पेनाचं टोपण काढत बसलो.

"म्याच वाजवली साहेब. हात चुकला."

"इतकी वर्षं वाजवून राह्यला, अन् लोखंड लावतं तू?"

कमरेची किल्ली सोडून मामाने टेबलावर ठेवली. मी लिहिलं : 'घंटीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे घंटा निकामी झाली, त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली दुसरा विषय लिहिला. एकमताने मंजूर.

त्यानंतर मनोऱ्यावर भोंगा लागला, त्यातून रेकॉर्ड केलेली घंटा वाजते. मामा समोरच्या चहाटपरीच्या बाकावर बसायचा. रविवारी भोंगा वाजायच्या आधीच त्याचा उजवा हात मांडीवरून उचलायचा आणि परत खाली यायचा. मला पाहिलं की तेच विचारायचा, "काऊन बाबू, जेवला का?" त्यात कधी टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. एकदा मी धीर केला. "मामा, त्या दिवशीचं..." म्हणालो. त्याने कप माझ्याकडे सरकवला. "चहा थंडा होऊन राह्यला गा."

गेल्या हिवाळ्यात मामा गेला. शहात्तराचा होता. पेटी फाटकातून आली तेव्हा भोंग्यातली घंटा मिनिटभर वाजून बंद झाली. भोंग्याला माणसाचं वय कळत नाही. कब्रस्तानातून परतताना त्याची नात माझ्याजवळ आली. नर्सबाईंच्या मातीच्या दिवशी जन्मलेली तीच.

"काका, साऱ्या गावाले आबानं टोले देल्ले. आबाले काऊन नाई देल्ले?"

"घंटा फुटलेली आहे पोरी," मी म्हणालो.

"हो, आबाच्याच हातानं ना," ती म्हणाली, आणि मान खाली घातली. त्याच्या वतीने ओशाळली होती ती.

आता कमिटीचा सचिव मीच. ती किल्ली माझ्या कपाटात आहे, वहीही. परवा मनोऱ्यावर चढलो. मोगरी दारामागेच होती, मामाने सांगितलेल्या जागी.

फुटकी असली तरी ती घंटा वाजते. मामाचे शहात्तर टोले माझ्याकडे बाकी आहेत, आणि त्या पोरीसमोर, भर मंडळीत, एक वाक्य : घंटा मी फोडली.