छपाईच्या वाटेनं मालक

आमच्या यांना एकच व्यसन होतं, स्वतःच्या कामावर खूश व्हायचं. नव्वदीच्या सुरुवातीला परभणीत भाड्याच्या दोन खोल्या घेऊन यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मशीनला पंखा आणि मला पुठ्ठा. क्लास काही चालेना. सोनपेठहून सासऱ्यांचा निरोप आला, दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गावी या, शेती कुठं पळून चाललीय! मला मात्र परभणी सोडायची नव्हती. इथं मी टायपिंग करत होते, पोरींना शिकवत होते. गावी गेलं की परत डोईवर पदर आणि पुढ्यात चूल.

तेवढ्यात मानवतचा एक कापसाचा व्यापारी चालून आला. त्याला भाच्याला मशीनवर बसवायचं होतं, पण भाच्यानं नुसत्या पावत्या कराव्यात, कापसाच्या भावाला हात लावता कामा नये. यांनी लय खपून मशीनमध्ये एक बंदिस्त जागा तयार केली. आत बसणाऱ्याला पडद्यावर तीनच कामं दिसायची: पावती लिहा, बेरीज करा, छापा. बाकीचं मशीन त्याच्यासाठी नाहीच. "मुंगी बाहेर पडायची न्हाई," हे म्हणायचे, आणि चहा मागायचे.

व्यापारी येणार त्याच्या आदल्या दुपारी मी आत बसून पावत्या छापून बघत होते. प्रिंटर फक्त मालकाच्या हुकमानं चालायचा, म्हणून यांनी छपाईच्या कामाला मालकाचे सगळेच अधिकार देऊन टाकले होते. वर सोय म्हणून छापण्याआधी पावती उघडून चूक दुरुस्त करता यायची. मी उघडली. त्या दुरुस्तीच्या पडद्यावरून, उद्गारचिन्ह मारलं की, मशीनला थेट हुकूम सोडता यायचा. हे यांनीच मला शिकवलेलं. मारलं. मशीननं मला मालक समजून सगळी कपाटं उघडी केली! म्हणजे कुंपणच शेत खायलेलं.

"अहो, मी बाहेर आले."

"कुठून?"

"तुमच्या मुंगीच्या वाटेनं."

"तुला काय कळायलंय त्यातलं? कायतरी भलतंच दाबलं असशील." एवढं बोलून हे उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले. बघा म्हटलं तर बघितलंसुद्धा नाही. अशी तिडीक गेली माझ्या डोक्यात!

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. जोडे दाराशी काढून खुर्चीत टेकला. यांचं मुंगीपुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळला. "वहिनी, तुमी बसा बरं आत. निघा बघू बाहेर."

हे माझ्याकडं बघून गोड हसले. इतकं गोड लग्नातसुद्धा हसले नव्हते. मी गप्प राहिले असते तर सौदा झालाच होता. पण तो भाचा कधी ना कधी हीच वाट हुडकणार आणि व्यापारी आमच्या दारात येऊन उभा राहणार, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगू का, 'तुला काय कळायलंय' अजून ठसठसत होतं. छापा, दुरुस्ती, उद्गारचिन्ह. नमुन्याला भरलेले सगळे भाव पडद्यावर हजर.

यांचा चेहरा बघवेना. आपण आपल्याच हातानं सोनपेठच्या एसटीत बसलो, असं वाटलं.

व्यापारी उठला. "मोंढ्याच्या बाजारात काम हाय. संध्याकाळी येतो, तवर बुजवा. वहिनी पुन्हा निघाल्या, तर मग राम राम."

तो गेल्यावर हे ओरडतील असं वाटलं होतं. हे खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "दाखव परत." मी दाखवलं. जेवणाचं कुणाला सुचलं नाही. छपाईला यांनी छापण्यापुरताच अधिकार ठेवला, बाकीचे काढून घेतले. दुरुस्ती करणारा आता होता तोच राहायचा, मालक होत नव्हता.

संध्याकाळी व्यापाऱ्यासमोर मी बसले. लटकं खेळायचं नाही असं ठरवलं होतं. जीव तोडून प्रयत्न केला, जुन्या वाटेनं केला, सुचेल त्या नव्या वाटेनं केला. हे मागं उभे राहून नखं खात होते. मशीन दर खेपेला म्हणायचं, परवानगी नाही. शेवटी मी हात टेकले.

"मग मानवतला कधी बसवता?" व्यापारी म्हणाला, आणि मला एकदम रडूच फुटलं.

हे घाबरले. व्यापाऱ्यादेखत माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "अगं, हरलीस म्हणून काय झालं? शिकशील हळूहळू."