गाव: कामशेत

कामशेतजवळच्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीत बसते. नाव, वय, गाव, मोबाईल, एवढ्यात माझा दिवस जातो. बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत, आणि माझं डोकं आधीच तापट. डोंगरावरच्या वाडीतली माणसं खिडकीशी आली, की मी "गाव?" म्हणायच्या आत सांगायची, "कामशेत लिवा." जीपमधून उतरायचं ठिकाण तेच त्यांचं गाव. वाडीचं नाव सांगून कुणाला कळतंय, हा त्यांचा अनुभव. कॉम्प्युटरमध्येही वाडी शोधायला यादी पार खालपर्यंत सरकवावी लागते. मीही कामशेत टाकून मोकळी व्हायची. वर्षानुवर्षं.

त्या वाडीतली एक मावशी बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला खाली उतरायची. फिरत्या दवाखान्याची गाडी वाड्यांवर जाणार, हे ऐकल्यापासून तिचा एकच प्रश्न, "आमच्याकडं कवा येनार?" मी म्हणायची, "येईल गं मावशी, वरून माहिती मागवलीय."

खरंच मागवली होती. कुणाचं नाव नको, आजार नको. कुठल्या गावातून किती पेशंट येतात, तेवढंच. जिथून जास्त, तिथं गाडी. मी माहिती पाठवली आणि चहा प्यायला गेले.

महिन्याभरानं गाडी कुठं जाणार त्याची यादी आली. मावशीच्या वाडीपुढं शून्य. तालुक्याला फोन लावला, भांडले, मग गयावया केली. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, नोंदी तुमच्याच आहेत ना? आता पुढच्या वर्षी बघू." नोंदी माझ्याच होत्या.

परवा मावशी आली. गुडघे धरून खिडकीखालच्या ओट्यावर टेकली. "आता न्हाई जमत, पोरी. लय दुकतंय. ह्योच शेवटचा हेलपाटा. फुडं गाडी येईल, तितंच गोळ्या घीन."

मी सांगितलं, "मावशी, कागदात तुमची वाडीच आली नाही. गाडी नाही यायची."

ती हसली. "आगं, समदं तूच तर लिवतीस. तू हाईस तवर आमाला कसली काळजी?"

तिच्याकडं बघवेना. मान खाली घालून मी तिचा केसपेपर भरायला घेतला. बोटांनी सवयीनं पुन्हा कामशेतच टाकलं होतं.